कॉर्न स्नेक पाळायचाय? आधी टँक चालू करा, साप नंतर आणा

नवीन कॉर्न स्नेक घेतलेल्या माणसाचा आठवड्याभरात ठरलेला प्रश्न येतो, साप खात नाहीये काय करू. मग विचारावं की गरम बाजूचं टेंपरेचर किती आहे, तर उत्तर येतं "हात लावून बघितला, कोमट लागतो". म्हणजे काय झालेलं असतं, साप आणि टँक एकाच दिवशी घरात आलेत, हीट मॅट (टँक खालून गरम करणारी विजेची चटई) दोन दिवसांनी आली आणि थर्मोस्टॅट (टेंपरेचर ठरलेल्या हद्दीत ठेवणारं यंत्र) "नंतर बघू" मध्ये अडकलाय. कॉर्न स्नेक सोपा साप आहे हे खरंय, बिनविषारी आहे, स्वभावाने शांत आहे, खाण्याचे फार नखरे नसतात, पण सोपा म्हणजे कसाही ठेवला तरी चालतो असं नाही. खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने करा, आणि जिथे "तपासा" लिहिलंय तिथे ते जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी १: पैसे खर्च करायच्या आधी

तुम्ही राहता तिथे हा साप पाळायला परवानगी आहे का, परवाना किंवा नोंदणी लागते का, हे सगळ्यात आधी बघा, विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. घर भाड्याचं असेल तर मालकालाही विचारा. मग घरातल्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, हा साप १५ ते २० वर्षं जगतो, कधी कधी त्याहून जास्त. दुसरी, फ्रीझरमध्ये मेलेले उंदीर ठेवावे लागणार. दुसऱ्या गोष्टीवरून जास्त भांडणं होतात, त्यामुळे ते भांडण साप यायच्या आधी होऊन जाऊ दे. सरपटणारे प्राणी बघणारा जनावरांचा डॉक्टर जवळपास कोण आहे तेही आत्ताच शोधून नंबर सेव्ह करा, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर साप बघत नाहीत आणि साप आजारी पडल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.

पायरी २: टँक, आणि त्याचं कुलूप

मोठा झालेला कॉर्न स्नेक साधारण ९० ते १५० सेंटीमीटर लांब होतो. त्याला १२० बाय ६० बाय ६० सेंटीमीटरचा टँक द्या, म्हणजे अंग पूर्ण लांब करता येतं आणि चढायलाही जागा मिळते. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम २० ते ३० सेंटीमीटरचं असतं, त्याला छोटा टँक किंवा हवेची भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा सुरुवातीला चालतो. पिल्लू थेट मोठ्या टँकमध्येही राहू शकतं, "मोठ्या जागेत घाबरतं" असं जे सांगतात त्यातली भीती जागेची नसून रिकामेपणाची असते. लपायला भरपूर दिलं तर मोठा टँक चालतो.

झाकणाकडे मात्र नीट बघा, कारण कॉर्न स्नेक पळून जाण्यात पक्का आहे. डोकं जिथून जातं तिथून बाकीचं अंगही जातं, आणि पिल्लाचं डोकं पेन्सिलीएवढ्या फटीतूनही निघतं. जाळीच्या झाकणाला चारही बाजूंनी क्लिप हव्यात, सरकत्या काचेला कुलूप हवं, वायर आत जायच्या भोकाभोवतीची फट बंद हवी. झाकणावर जाडजूड पुस्तक ठेवणं हा उपाय नाही, साप रात्रभर नाकाने ढकलत बसतो आणि त्याला दुसरं काही काम नसतं.

सावधान: फट बंद करायला टँकच्या आत चिकटपट्टी लावू नका. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे टेंपरेचर मोजणारं वायरीचं टोक, चिकटवायलाही नाही. साप टेपला चिकटतो, सुटायला पिळवटतो आणि खवल्यांसकट कातडी फाटते. कधी चिकटलाच तर ओढू नका, खाण्याचं तेल थोडं थोडं लावत टेप हळूहळू सैल करा.

पायरी ३: उष्णता

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात म्हणून जरा सावकाश वाचा.

साप स्वतःची उष्णता तयार करत नाही, तो गरम जागी जाऊन ती घेतो आणि पुरे झाली की गार जागी सरकतो. म्हणून टँकचं एकच टेंपरेचर नसतं, एक बाजू गरम आणि दुसरी गार ठेवायची असते. आकडे सेल्सिअसमध्ये देतो: गरम बाजूला साप जिथे बसतो तिथला पृष्ठभाग २९ ते ३२ डिग्री, गार बाजू २२ ते २६ डिग्री, रात्री २० पर्यंत उतरलं तरी मोठ्या सापाला काही होत नाही. उष्णता कमी पडली तर खाल्लेलं पचत नाही, पोटात सडतं आणि साप उलटी करतो. दोन्ही बाजू सारख्याच गरम असतील तर त्याला पळायला जागा राहत नाही आणि तो पाण्यात जाऊन बसतो.

काचेच्या टँकला सोपा मार्ग म्हणजे खालून, काचेच्या बाहेरून लावलेली हीट मॅट, टँकच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली आणि एकाच टोकाला. टँकच्या तळाला छोटे पाय लावून खाली हवा खेळती ठेवा. टँक लाकडी असेल तर खालून मॅट लावू नका, लाकडातून उष्णता नीट पोचत नाही आणि अडकून राहिलेली उष्णता धोक्याची असते. तिथे वरून बल्ब किंवा सिरॅमिक हीटर लावा आणि त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा बसवा, कारण साप गरम बल्बला वेटोळं घालून बसतो आणि भाजतो. गरम होणारे नकली दगड मिळतात ते घेऊच नका, एकाच जागी जास्त तापतात आणि साप पोट भाजेपर्यंत त्यावर बसून राहतो.

थर्मोस्टॅटशिवाय मॅट चालू करायची नाही, एका रात्रीपुरतीसुद्धा नाही. नुसती मॅट ४० डिग्रीच्या पुढे सहज जाते. थर्मोस्टॅटचा प्रोब मॅट आणि काच यांच्या मध्ये बाहेरून पक्का बसवा. काही जण आत ठेवतात, चालतं, पण साप तो ढकलून गार बाजूला नेतो आणि मग थर्मोस्टॅटला वाटतं टँक गारच आहे, तो मॅट तापवत राहतो. बाहेर बसवला तर आत पोचेपर्यंत टेंपरेचर काही डिग्री उतरतं, म्हणून आतल्या काचेवर वेगळ्या डिजिटल थर्मामीटरने मोजायचं आणि त्यानुसार सेटिंग थोडं वर करायचं.

मोजायचं कुठे तर अंथरुणाखालच्या, म्हणजे तळाला पसरलेल्या भुशाखालच्या काचेवर. कॉर्न स्नेक खणून खाली जातो, वरचा भुसा २८ दाखवत असेल आणि खालची काच ३६ असेल तर सापाच्या पोटाला ३६ लागतंय. चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर वापरू नका, ते भिंतीजवळच्या हवेचा अंदाज सांगतात आणि तोही चुकीचा. टेंपरेचर गन मिळाली तर घ्या, जागोजाग फिरवून पाच सेकंदात कळतं.

तपासा: गरम बाजूची खालची काच ३२ च्या वर जात नाही ना? गार बाजूला वेगळा थर्मामीटर आहे ना? एकाच थर्मामीटरवर दोन्ही बाजूंचा अंदाज बांधू नका.

पायरी ४: आतली मांडणी

अंथरुणाला अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या सालीचे तुकडे, दोन्ही चांगले. खणता येईल इतका थर द्या, ५ ते ८ सेंटीमीटर. देवदार आणि पाइन टाळा, त्यातल्या तेलांचा वास सापाच्या फुप्फुसांना बाधतो. वाळू नको. नवीन आलेल्या सापाला मात्र सुरुवातीचे काही आठवडे साधा टिश्यू पेपर अंथरलेला बरा, शी कशी आहे, माइट्स (सापाचं रक्त पिणारे बारीक किडे) आहेत का ते पांढऱ्यावर लगेच दिसतं.

लपायच्या जागा कमीत कमी दोन हव्यात, एक गरम बाजूला आणि एक गार बाजूला. हे सगळ्यांना माहीत असतं पण एकच ठेवतात, आणि ती गरम बाजूला. मग सापाला रोज निवडावं लागतं, सुरक्षित राहू की गार होऊ, आणि बहुतेक वेळा तो सुरक्षित राहतो आणि नको तेवढा तापतो. हाइड, म्हणजे ही लपायची जागा, आकाराने घट्ट हवी, आत वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना लागलं पाहिजे. मोठी सुंदर गुहा तुम्हाला आवडते, त्याला नाही. शिवाय प्लास्टिकची पानं, फांद्या, बुचाच्या झाडाची साल असं काहीबाही भरा, समोरून बघितलं तर मागची भिंत नीट दिसू नये इतकं. टँकच्या तीन बाजू बाहेरून कागदाने झाका.

पाण्याचं भांडं जड घ्या, उलटणार नाही असं, आणि ते गार बाजूला ठेवा. गरम बाजूला ठेवलं तर वाफेने आतला ओलावा वाढतो. ओलावा ४० ते ६० टक्के बास, हायग्रोमीटरने बघा. दिवस-रात्रीचं चक्र हवं, साधारण १२ तास उजेड आणि १२ तास अंधार, खिडकीतला उजेडही चालतो पण टँक थेट उन्हात नको, काचेत ऊन कोंडून साप मरू शकतो. यूव्हीबी (अतिनील किरण देणारा) दिवा नसला तर अडत नाही, कमी ताकदीचा लावला तर चांगलंच.

पायरी ५: रिकामा टँक आठवडाभर चालवा

लोक नेमकं हेच गाळतात. सगळं लावलं, चालू केलं, आता साप न आणता सात दिवस फक्त आकडे लिहायचे. सकाळी, दुपारी, रात्री उशिरा, दोन्ही बाजू आणि ओलावा. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालेल. पहाटे खोली गार झाल्यावर गरम बाजू किती उतरते, दुपारी गार बाजू किती चढते, थर्मोस्टॅट अडकतो का, हे सगळं या आठवड्यात कळतं आणि तेव्हा आत कोणी नसतं.

तपासा: सलग तीन दिवस आकडे ठरलेल्या हद्दीत आले का? नसतील तर एकच गोष्ट बदला, पुन्हा तीन दिवस बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

पायरी ६: साप निवडताना

पाळलेल्या सापांची पिल्लंच घ्या, जंगलातून पकडलेला साप घेऊ नका. विकणाऱ्याकडे मागायच्या गोष्टी: साप काय खातो, किती दिवसांनी, शेवटची कात कधी टाकली, आणि शक्य असेल तर तुमच्यासमोर खाऊन दाखवायला सांगा. फ्रोझन उंदीर खाणारंच पिल्लू घ्या, पाच-सहा वेळा खाल्लेलं असेल तर उत्तम. रंगाच्या मागे लागून न खाणारं पिल्लू स्वस्तात घेतलं की पुढचे दोन महिने तुमची झोप जाते.

हातात घेऊन बघा. डोळे स्वच्छ, नाकातोंडाला फेस नाही, श्वासाला शिट्टीसारखा आवाज नाही, शेपटीजवळचं मलद्वार कोरडं, पाठीचा कणा टोकदार वर आलेला नाही. हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला काळे हलणारे ठिपके दिसले तर ते माइट्स, तो साप सोडून द्या. पिल्लू शेपटी थरथरवतं किंवा दुर्गंधी सोडतं त्याची काळजी नको, घाबरलंय इतकंच, मोठं होता होता बहुतेकांचं जातं.

एकच घ्या. दोन साप एका टँकमध्ये कधीच नाही, त्यांना सोबत नको असते, आणि कॉर्न स्नेकने दुसऱ्या कॉर्न स्नेकला गिळल्याची उदाहरणं आहेत.

पायरी ७: पहिले सात दिवस, हात लांब

साप आणला, टँकमध्ये सोडला, झाकण लावलं, कुलूप तपासलं, संपलं. आता पाणी बदलण्यापलीकडे आठवडाभर काही नाही. मित्रांना दाखवणं नाही, फोटोसाठी हाइड उचलणं नाही, "जिवंत आहे ना" म्हणून दर दोन तासांनी बघणं नाही. तो दिसणार नाही आणि दिसू नयेच, दिवसभर लपलेला कॉर्न स्नेक म्हणजे व्यवस्थित असलेला कॉर्न स्नेक. उलट सतत काचेवर नाक घासत फिरत असेल तर काहीतरी बिनसलंय, आधी टेंपरेचर बघा, मग हाइड.

पायरी ८: खायला घालणं

फ्रोझन उंदीर द्यायचा, जिवंत नाही. जिवंत उंदीर स्वतःला वाचवायला चावतो आणि सापाचा डोळासुद्धा फोडू शकतो.

आकार ठरवताना सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग बघा, उंदीर तेवढाच किंवा फार तर दीडपट जाड. पिल्लाला पिंकी म्हणजे नुकताच जन्मलेला, केस नसलेला उंदीर, मग फझी (बारीक लव आलेला), मग हॉपर (केस आलेला, उड्या मारणारा), आणि शेवटी मोठा उंदीर. पिल्लांना ५ ते ७ दिवसांनी, मधल्या वयात ७ ते १० दिवसांनी, मोठ्यांना १० ते १४ दिवसांनी एकदा. मोठ्या सापाला दर आठवड्याला भरवून लठ्ठ करणारे खूप आहेत. शेपटीआधीचा भाग फुगीर दिसतोय, अंग वळवल्यावर खवल्यांच्या मध्ये कातडी ताणलेली दिसतेय, म्हणजे अंतर वाढवा.

क्रम असा:

१. आदल्या रात्री उंदीर बंद पिशवीत घालून फ्रीझरमधून खालच्या फ्रिजमध्ये ठेवा.

२. द्यायच्या आधी पिशवीसकट गरम पाण्यात १५ ते २० मिनिटं ठेवा, हात घालवेल इतकंच गरम. मायक्रोवेव्ह नाही, आतून शिजतो आणि फुटतो.

३. बाहेर काढून पोट बोटांनी दाबून बघा. आत कडक गोळा लागला तर मधे अजून बर्फ आहे, परत पाण्यात ठेवा. वरून मऊ लागला म्हणून दिला आणि आत बर्फ राहिला, तर साप उलटी करू शकतो.

४. कागदाने कोरडा करा, लांब चिमट्याने मागच्या बाजूने धरा आणि सापासमोर थोडा लांबच हळू हलवा. नाकावर नेऊन आपटू नका, लाजाळू पिल्लू तिथेच बिथरतं.

५. त्याने धरला की सोडा आणि बाजूला व्हा. वेटोळं घालेल, दाबेल, मग डोकं शोधत बसेल, मधेच थांबेल. मदत करायची नाही.

६. घेतला नाही तर हाइडच्या तोंडाशी ठेवून दिवे बंद करून निघून जा. सकाळपर्यंत तसाच असेल तर फेकून द्या, परत फ्रीझ करू नका.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. आणि वेगळ्या डब्यात नेऊन खायला घालायची पद्धत सोडून द्या. "टँकमध्ये भरवलं तर हाताला उंदीर समजून चावतो" हे कारण सांगतात, पण पोट भरलेल्या सापाला उचलून परत आणणं हेच जास्त त्रासाचं आहे. चिमटा वापरा, उंदराला हात लावल्यावर हात धुवा, झालं.

सावधान: उलटी झाली तर लगेच परत भरवू नका, ही चूक पिल्लांच्या जिवावर बेतते. १० ते १४ दिवस काहीच नाही, फक्त पाणी. तोवर टेंपरेचर तपासा, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं खाणं द्या. दुसऱ्यांदा उलटी झाली तर डॉक्टर.

खात नसेल तर या क्रमाने बघा: गरम बाजूचं टेंपरेचर, हाइड किती घट्ट आहेत, तुम्ही किती वेळा हाताळताय, कात टाकायची वेळ आलीय का, उंदीर पुरेसा गरम आहे का. पुढचा प्रयत्न ५ ते ७ दिवसांनी, रोज नाही. मोठे नर प्रजननाच्या काळात काही आठवडे खाणं सोडतात, वजन टिकून असेल तर घाबरायचं कारण नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा सापासाठी वेगळा घ्या आणि महिन्यातून एकदा वजन लिहा, कारण "बारीक झालाय वाटतं" या वाक्यावर कोणी काही सांगू शकत नाही.

पायरी ९: हाताळणं

दोनदा नीट खाल्लं, उलटी झाली नाही, मग सुरू करा. आधी पाच मिनिटं, मग हळूहळू १०-१५, आठवड्यातून दोन-तीनदा. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नका, बाजूने न्या, आधी अंगाला हलका स्पर्श करा म्हणजे त्याला कळतं की हे खाणं नाही, आणि मग अंगाच्या मध्याखाली हात घालून उचला. पकडायचं नाही, आधार द्यायचा, तो एका हातातून दुसऱ्या हातात सरकत राहील. मान वळवून इंग्रजी एस सारखी केली तर थांबा, नंतर बघा.

पिल्लू चावलं तर कळतही नाही फारसं. मोठा चावला तर थोडं रक्त येतं, साबणाने धुवा. पण हात खेचू नका, त्याचे बारीक दात मागे वळलेले असतात, खेचले की तुटून कातडीत राहतात. आणि हाताळण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा हात साबणाने धुवायचे, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) निरोगी दिसणाऱ्या सापाकडूनही येऊ शकतो. लहान मुलं असतील तर यात सूट नाही, आणि टँकची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत.

पायरी १०: कात

रंग फिका पडतो, पोट गुलाबीसर दिसतं, डोळे निळसर दुधाळ होतात. या काळात त्याला नीट दिसत नाही म्हणून हाताळू नका, खाणंही बहुतेक नाकारेल. काही दिवसांनी डोळे परत स्वच्छ होतात आणि लोकांना वाटतं कात टाकून झाली, पण खरी कात त्यानंतर काही दिवसांत निघते. डोळे धुरकट दिसले की एका बंद डब्याला भोक पाडून आत ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरा आणि टँकमध्ये ठेवा. ओलसर म्हणजे पिळल्यावर पाणी गळणार नाही इतकं.

तपासा: निघालेली कात फेकायच्या आधी डोक्याचा भाग उजेडात धरा. डोळ्यांच्या जागी दोन गोल पारदर्शक टोप्या दिसल्या पाहिजेत, भोकं नाही. दुसरं टोक शेपटीचं, ते टोकापर्यंत पूर्ण निघालंय का बघा. शेपटीला जुन्या कातेचं कडं राहिलं तर रक्त अडतं आणि टोक वाळून गळतं.

कात तुकड्यातुकड्यांत निघाली तर ओलावा कमी पडलाय. कोमट ओल्या फडक्यात सापाला १५-२० मिनिटं सरकू द्या, राहिलेली सहसा सुटते. डोळ्यावरची टोपी नखाने किंवा चिमट्याने काढू नका, पुढच्या कातेलाही निघाली नाही तर डॉक्टरकडे.

पायरी ११: सफाई

शी दिसली की लगेच उचला, पाणी रोज बदला, भांडं आठवड्याला घासा. पूर्ण अंथरूण महिना-दीड महिन्याने बदला, सरपटणाऱ्या प्राण्यांना चालणाऱ्या जंतुनाशकाने पुसा आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच साप आत सोडा. एकाच वेळी सगळ्या वस्तू घासून लख्ख करू नका, एखादी हाइड न धुता तशीच ठेवा म्हणजे स्वतःचा वास राहतो आणि तो बिथरत नाही.

पायरी १२: थांबायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं

तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकाला बुडबुडे येतायत, डोकं वर करून बसतोय, श्वासाचा आवाज येतोय, हे श्वासाच्या इन्फेक्शनचं लक्षण आहे. घरगुती उपाय करत बसू नका. तोंडात पिवळसर पापुद्रे, पोटाच्या खवल्यांवर लाल किंवा तपकिरी डाग, आतडं बाहेर आलेलं, वजन सतत कमी होतंय, मादी फुगलीय आणि अस्वस्थ आहे (नराशिवायही मादी अंडी घालते आणि ती अडकू शकतात), या सगळ्याला तेच. साप दिवसरात्र पाण्यात बसून असेल तर आधी टेंपरेचर बघा, मग भांड्याच्या तळाला मिरपूड सांडल्यासारखे काळे कण आहेत का ते. असतील तर माइट्स, सापाला टिश्यू पेपरवर हलवा आणि औषध डॉक्टरला विचारूनच, कुत्र्या-मांजरांचे पिसवांचे स्प्रे सापाला विषारी ठरू शकतात.

नेताना सापाला कापडी पिशवीत घालून तोंड बांधा, पिशवी हवेची भोकं असलेल्या डब्यात ठेवा. आणि सोबत टेंपरेचरचे आकडे, खाण्याच्या तारखा, वजन, आणि शी झाली असेल तर ताजी, छोट्या डबीत घालून घ्या. डॉक्टर आधी हेच विचारणार.